जिन्याची तिसरी पायरी

"तुम्ही नेमक्या त्या जिन्याच्या आवाजावर बोलता."

ती रेकॉर्डिंगच्या खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली होती. शेजारच्या हॉलमध्ये एक उंच माणूस पियानोच्या पोटात डोकं घालून तारा पिळत होता.

"मला म्हणालात?"

"तुम्हालाच. दोन दिवस इथे पियानो सुरात लावतोय. तुमचं दार उघडंच असतं, त्यामुळे सगळा सिनेमा ऐकला." तो तिच्याकडे वळला, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. पियानोला टेकवलेली पांढरी काठी तिला तेव्हा दिसली.

तिचं काम होतं ज्यांना दिसत नाही त्यांना सिनेमा सांगायचं. दोन संवादांच्या मधल्या फटीत, पडद्यावर काय चाललंय ते मोजक्या शब्दांत बोलायचं. पण या सिनेमाने तिला पार चक्रावून सोडलं होतं. एक घर, घरात राहणारी एक बाई आणि एक सुतार. एवढीच माणसं, पण काळ असा उलटापालटा की काल कुठला आणि आज कुठला ते कळेना. पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोकं दुखलं. दुसऱ्यांदा बाईच्या केसांवरून काळ ओळखता आला. चौथ्यांदा खात्रीच पटली की शेवटी सुतार कायमचा निघून जातो आणि बाई जिन्यात उभी राहून त्याच्याकडे बघते. त्या जागी तिने वाक्य लिहिलं होतं – 'ती त्याला डोळ्यांत साठवून घेते, जणू आता पुन्हा भेट नाही.' स्टुडिओचे साहेबसुद्धा ऐकून हळवे झाले होते. शुक्रवारी अंध प्रेक्षकांसाठी खेळ होता.

"जिना काय, वाजला तर वाजला," ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली.

"तिसरी पायरी वाजते. मध्ये तो माणूस तीच ठोकून नीट करतो ना? त्यानंतर एकदाही वाजली नाही ती. मग शेवटी कशी वाजते?"

तिने पाण्याचा पेला तिथेच ठेवला. "आत येता?"

पाचव्यांदा सिनेमा त्या दोघांनी मिळून पाहिला. तो शेजारी बसला, हातांना पियानोतल्या लाकडाचा आणि लोकरीचा मंद वास. काय ऐकू आलं ते तो सांगायचा, काय दिसलं ते ती.

"आणि तुम्ही दिसता कशा?" मध्येच त्याने विचारलं.

"एका वाक्यात मावेन एवढी."

"मोठं वाक्य की छोटं?"

"मध्यम. पण स्वल्पविराम बरेच – " ती म्हणाली, आणि अंधारात उगाचच केस सारखे करायला लागली. कुणाला दिसणार होते ते!

सहाव्यांदा पाहताना तिने बाईचा चेहरा सोडून सुताराच्या हातांकडे पाहिलं. त्याची हत्यारांची पेटी! एरवी ओरखड्यांनी भरलेली, पण शेवटच्या दृश्यात ती कोरी करकरीत होती, एकही ओरखडा नाही.

"तो जात नाहीये हो," ती कुजबुजली. "तो येतोय! ही त्यांची पहिली भेट आहे. आणि मी वेडी... ढसाढसा रडले इथे!"

तो इतका मोकळा हसला की तिलाही हसू आवरेना.

साहेब मात्र हसले नाहीत. "एवढं सुंदर वाक्य काढायचं? आणि त्या जागी काय घालणार?"

"काही नाही. गप्प बसणार. मी बोलले तर पायरी ऐकू येणार नाही."

"बोलायला ठेवलंय तुला, गप्प बसायला नाही! फसलं तर तुझ्या माथी."

"माझ्या माथी," ती म्हणाली आणि कागदावरचं ते वाक्य खोडून टाकलं.

त्या संध्याकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. "उद्या पुन्हा तोच सिनेमा? सातव्यांदा? अगं, सिनेमा बघतेस की माणूस?"

"दोन्ही एकदा बघून कळत नाहीत, ताई."

पलीकडे ताई खिदळत सुटली.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. ती मागच्या भिंतीला पाठ लावून उभी. शेवटचं दृश्य आलं. तिचा रेकॉर्ड केलेला आवाज थांबला. सेकंद जाता जाईनात. आणि मग त्या शांततेत तिसरी पायरी कुरकुरली.

कुणीच हललं नाही. गेलं, सगळं गेलं, तिला वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे हे दोघं आत्ता भेटतायत की!"

हॉलभर हशा पिकला, मग टाळ्या. दारात उभे असलेले साहेब रुमालाने चष्मा पुसायला लागले.

गर्दी ओसरल्यावर तो बाहेरच्या व्हरांड्यात सापडला. कलतं ऊन त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"छान गप्प बसलात," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे."

"पियानो मंगळवारीच लागला होता सुरात. नंतरचे तीन दिवस मी..." तो अडखळला. "जाऊ दे. आत्ता काय दिसतंय, सांगा ना. तुमच्या पद्धतीने."

तिने श्वास घेतला. "व्हरांडा. ऊन. एक उंच माणूस. त्याच्या शर्टाची बटणं एकेक घर चुकलीत, त्यामुळे कॉलर वाकडी. समोर एक बाई. तिला ती बटणं नीट लावायचीयेत, पण... हिंमत होत नाहीये."

"तिला म्हणावं, त्याला सकाळपासून माहीत आहे."

"काय?"

"की बटणं चुकलीत. बोटांना कळतं ना! म्हटलं, बघू तरी... कुणी नीट करतंय का."

ती दोन पावलं पुढे झाली आणि सगळ्यात वरच्या बटणाला हात घातला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तुझं पहिलंच चुकलंय."

'तू' तोंडातून निसटलं होतं. तो अजिबात हलला नाही.

"बरं," तो हळूच म्हणाला. "सावकाश कर गं. घाई कुणाला आहे?"