मागच्या सीटचा पट्टा

मी त्याच्या गाडीचं दार उघडलं, तेव्हा तो मागच्या सीटवर बसून स्वतःचे गुडघे मोजत होता.

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. नुसती भुरभुर. दिसत नाही, पण पार आतपर्यंत भिजवते तशी. फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर आई काठी टेकून उभी. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेलेली, म्हणून मी तिला काखेतून धरलेलं. आम्ही टॅक्सी बोलावली होती आणि समोर एक छोटी पांढरी गाडी उभी होती. नंबर कोण बघतंय!

"सरका जरा," मी म्हणाले. "आणि ड्रायव्हर कुठाय?"

"ड्रायव्हर मीच."

"मग मागे काय करताय?"

"गुडघे मोजतोय." हातातली मोजपट्टी त्याने पुरावा म्हणून दाखवली. "म्हणजे... पुढच्या सीटमागे गुडघ्यांना किती जागा उरते, ते."

"किती उरते?"

"अजिबात नाही."

आजारानंतर आईचे शब्द जाड झाले होते, पण टोमणे तेवढे अजून धारदार होते. "त्यात गाडीचा काय दोष? एवढं लांब व्हायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

तो हसला आणि त्याचं डोकं छताला आपटलं. खरंच लांब होता. मिटलेली छत्री पिशवीत कोंबावी तसा त्या गाडीत मावला होता. चूक माझ्या लक्षात आली तोवर आमची टॅक्सी दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेली होती. "बसा, सोडतो," तो म्हणाला. "तेवढंच माझंही काम होईल."

काम काय, ते वाटेत कळलं. तो एका मासिकात गाड्यांबद्दल लिहायचा. मोठ्या गाड्यांसाठी तिथे मारामारी असायची. स्वस्तातल्या छोट्या गाड्या आपोआप त्याच्याकडे यायच्या. कंपनी काही महिने गाडी वापरायला द्यायची आणि रोजच्या वापराला ती कशी आहे, हे त्याने लिहायचं.

"ज्यांना आयुष्यात एकच गाडी घ्यायचीय ना, ते माझं वाचतात," तो म्हणाला. "त्यांना चुकून चालत नाही."

"मग अडचण कसली?"

"माझ्याकडे रोजचं असं काही नाहीये हो. एक खोली, एक किटली. ऑफिसला चालत जातो. एका माणसाची भाजी आणतो, ती हातातल्या पिशवीत मावते. डिकी भरू कशाने?"

"आमच्याकडे रोजचं पोत्याने आहे," मी बोलून गेले.

बोलून गेले आणि फसले.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तो यायचा. खाली येऊन एकदाच, अगदी हळू हॉर्न वाजवायचा. त्याची चाचणी व्हायची आणि आमची दवाखान्याची फेरी व्हायची. परीक्षा कोण घेत होतं, ते मात्र पहिल्याच आठवड्यात ठरलं. आई आधी पाठमोरी टेकायची, मग चांगला पाय आत घ्यायची, मग दुसरा पाय पार्सल उचलावं तसा हाताने उचलून आत ठेवायची. दार पुरतं उघडत नाही, असं तिने जाहीर केलं. छताजवळची धरायची कडी फार पुढे आहे, म्हणाली. उंबरठा ओलांडताना टाच अडकते, हेही.

"मावशी, परत एकदा दाखवाल?" तो खाली रस्त्यावर उकिडवा बसून विचारायचा.

"मी काय सर्कस आहे का?"

आणि परत एकदा दाखवायची. चेहरा असा खुललेला, की मी दुसरीकडे बघायचे. आजारी पडल्यापासून सगळे तिला पायाबद्दल सूचना देत होते. तिच्या पायाचं मत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

गाडीचं नाव तिने ठेवलं डबी. आणि तो गाडीला मार्क देणारा, म्हणून मास्तर.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून मास्तर मला 'चष्मेवाल्या बाई' म्हणायचा. मी पुढे बसायचे. आईची उशी, काठी आणि आई असं सगळं राज्य मागे.

"पुढे बसून कसं वाटतं?" त्याने एकदा विचारलं.

"कशाबद्दल?"

"सीटबद्दल."

"बरी आहे. शेजार जरा लांबलचक आहे."

"शेजाराला मार्क नाहीत. फक्त सीटला."

"मग शेजार वाचला."

डबी इतकी अरुंद, की दुसरा गिअर टाकताना त्याची बोटं माझ्या कोपराला लागायची. दर वेळी तो 'सॉरी' म्हणायचा. मग एक दिवस म्हणायचा थांबला. मीही कोपर मागे घेतलं नाही... आणि त्या रस्त्यावर गर्दी इतकी, की गाडी दुसऱ्या गिअरच्या वर कधी जायचीच नाही.

"लागलं बाई एकदाचं ट्रॅफिक," मागून आई म्हणायची. कुणाला उद्देशून, देव जाणे.

एकदा मी विचारलं, "पण गाडी आहे कशी? एवढे दिवस चालवताय."

"परत केल्यावर सांगेन."

"आत्ता का नाही?"

"आधी मत दिलं, की माणूस तेच खरं करायला बघतो. दोष दिसेनासे होतात."

"आणि परत केल्यावर?"

"लिहितो. मग त्या गाडीत पुन्हा बसत नाही."

"कधीच?"

"कधीच." तो समोर बघत होता. "लळा लागतो हो."

मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या बाजूचा वायपर काचेवरची एक कोर नेहमी न पुसताच सोडायचा. त्या ओल्या कोरीतून रस्त्यावरचे दिवे वितळल्यासारखे दिसत होते. मनात आलं, आपलंही असंच. चाचणी आहे तोवर कोपर. मग एक दिवस किल्ली टेबलावर.

आईला असल्या विचारांत रस नव्हता. एका शुक्रवारी सिग्नलला गाडी थांबली आणि तिने काठीने त्याच्या सीटच्या पाठीवर टकटक केलं.

"मास्तर, डबीचं राहू दे. माझी मुलगी कशी वाटते, ते सांगा."

मी दार उघडून उडीच मारणार होते. पण बाहेर रिक्षा चिकटलेली. तो आरशातून आईकडे बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्नचा जो काही गजर केला...

"मावशी," तो म्हणाला, "चाचणी चालू आहे."

आई खोकला येईपर्यंत हसली. "मग लवकर आटपा! परीक्षेला बसलेलीचं वय होत चाललंय आणि तिच्या पालकाचंही."

त्याचे कान लाल झाले होते. मी हसले, अगदी मनापासून हसले. सांगण्यासारखं काहीतरी आहे, एवढं तर कळलं होतं ना! दुसऱ्या दिवशी दुकानात मी एका काकांच्या फ्रेममध्ये डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. काका म्हणाले, "पोरी, मला दोन तू दिसतेस." म्हटलं, काका, मीही आज एक नाहीये.

मंगळवारी सकाळी आई उठली नाही.

काठी पलंगाला टेकलेली. दवाखान्यात घालायचे बूट दाराशी, जोडीने. तिचे तिनेच आदल्या दिवशी पुसून ठेवलेले. माणसं आली, जे करायचं असतं ते झालं. आणि ठरलेल्या वेळी खाली तो हॉर्न एकदाच, अगदी हळू वाजला. मी खाली गेले. काही सांगावं लागलं नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

दुःखाचा डोंगर कोसळतो म्हणतात. माझ्यावर कसलाच डोंगर कोसळला नाही. असता, तर निदान ढकलायला काहीतरी मिळालं असतं. माझ्याकडे नुसती सपाट रिकामी जागा होती. मला श्वास घ्यायला वेळ नाही, म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरत होते. आता वेळच वेळ होता आणि श्वास घ्यायचं काही कारण सापडत नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांना विचारायचे, "हे दिसतंय? आणि आता?" मला स्वतःला काही दिसत नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार तर असे यायचे, जसा काही पायऱ्यांचा अंदाज चुकावा आणि पाय हवेत पडावा.

संध्याकाळी कधीकधी तो यायचा. पाणी उकळायचा, कप माझ्यासमोर ठेवायचा, खुर्चीत अवघडून बसायचा. बोलायचा मात्र एक शब्द नाही. 'वाईट झालं' एवढंही नाही. मी त्या गप्प माणसाकडे बघायचे आणि आतून कडू व्हायचे. चाचणी चालू आहे ना! माझं रोजचं संपलं, म्हणजे ह्याचंही कामच संपलं.

मग फोन आला. "उद्या गाडी परत द्यायचीय. जाता जाता... दवाखान्याच्या रस्त्याने जाऊ. याल?"

"कशाला?"

"मावशींची उशी मागेच राहिलीय."

उशीसाठी गेले. दुसऱ्या कशासाठी नाही, असं जिना उतरताना स्वतःला दोनदा बजावलं.

गाडी निघाली आणि मागून आवाज सुरू झाला. टक्... टक् टक्... टक्. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला.

"काय वाजतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? आधी कधी वाजत नव्हतं."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "मागचा पट्टा. न लावता सोडला की त्याची कडी दाराच्या प्लास्टिकवर आपटते. आजवर... तो कायम लावलेला असायचा."

टक्. टक् टक्. आई काठीने सीटवर वाजवायची तसंच. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, मागचं दार उघडलं. पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून, उशीवरून नेला आणि खटकन लावला. नीट, कुठे पीळ पडलेला नाही ना, हे बघून. तिच्यासाठी लावायचा तसा.

मग पुढे येऊन बसला. गाडी सुरू केली नाही. आरसा थोडा खाली केला.

"मावशी," तो आरशात बघून म्हणाला, "तुम्ही विचारलं होतंत."

"मास्तर, नको."

"मुलगी चिडकी आहे. दार आपटते. खोटं हसली की लगेच कळतं. पण खरं हसली, तर समोरचा सिग्नल कुठला आहे, ते मला कळत नाही." त्याचा एक हात अजून आरशावरच होता. "ती शेजारी बसली की वाटतं, अजून गर्दी असावी, रस्ता खोदून ठेवलेला असावा, घर येऊच नये. चाचणी कसली मावशी... ती पहिल्याच दिवशी संपली होती. ही 'सरका' म्हणाली तेव्हाच. मी भित्रा आहे. नियमाच्या मागे लपलो."

आरशात उशी होती आणि उशीवर पट्टा.

"एक वाक्य होतं," मी म्हणाले. "सिग्नल हिरवा व्हायच्या आत झालं असतं. किती खूश झाली असती ती! आता सांगून काय उपयोग?"

"काही नाही."

"मग कशाला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं होतं."

मी रडले. घरात आलं नव्हतं ते रडू त्या डबीत आलं. नाक, डोळे, चष्मा सगळं एक झालं. तो रुमाल शोधत होता. सापडलं ते काच पुसायचं पिवळं फडकं. तेच त्याने पुढे केलं आणि मी तेच घेतलं.

"तुम्हाला मी नाही आवडले," मी फडक्यातून म्हणाले. "आमचं रोजचं आवडलं. ते गेलं. आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही. सकाळी उठून काय करायचं, तेही मला माहीत नाही."

"मलाही कधी माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी सवयीने उठतो."

त्याने गाडी सुरू केली.

कंपनीच्या आवारात एक माणूस डबीभोवती फिरला. ओरखडे बघितले, टायरला पाय लावून बघितला. किल्ली घेतली, पुढची सीट सरकवली. मी उशी घ्यायला मागचं दार उघडलं होतंच. तो माणूस म्हणाला, "रिकाम्या सीटला पट्टा कुणी लावला?" आणि त्याने हात लांब करून तो सोडला. सर्रकन वर गेला पट्टा. बस, एवढंच. पण आई गेली, ती खरी तेव्हा. गाडी आत गेली, वळणावर दिसेनाशी झाली. टक् टक् मात्र बराच वेळ ऐकू येत राहिली.

"आता तुम्ही तिच्यात पुन्हा बसणार नाही," मी म्हणाले.

"नाही."

"आणि मी?"

"तुम्ही गाडी नाही आहात हो," तो इतका कळवळून म्हणाला, की एरवी मी हसले असते.

आम्ही चालत निघालो. मी उशी पोटाशी धरलेली. पुन्हा तीच भुरभुर. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, की सगळा रस्ता आम्हाला मागे टाकून जातोय. पिशव्या घेतलेल्या बायका, म्हातारे, सगळेच. आम्ही आईच्या चालीने चाललो होतो. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सुटलेली. घाईतला कुणीतरी मागून आला आणि त्या जागेतून निघून गेला. तरी आम्ही ती भरली नाही. भरता येण्यासारखी नव्हतीच.

फुटपाथ आला. तो कडेला थांबला, तिच्यासाठी थांबायचा तसा, कोपर पुढे करून. फिजिओच्या बाईंनी आईला शिकवलेलं वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघालं.

"चढताना चांगला पाय आधी."

मी खाली बघितलं. माझे दोन पाय, दोन्ही धड, आणि दोन्हींत जीव नाही.

"मास्तर," मी म्हणाले, "ह्यातला चांगला कुठला, तेच कळत नाहीये."

तो कोपर तसंच धरून उभा राहिला. भिजत.

"घाई नाही," तो म्हणाला. "कुठलाही टाका."