पडद्याची मागली बाजू

शनिवारी शाळा अकराला सुटली आणि मास्तरीण नर्मदाबाई कंदिलाची काच आणायला हिंगोलीच्या बाजारात गेल्या. अठ्ठेचाळीस सालचा डिसेंबर होता. भाद्रपदातल्या पोलीस कारवाईच्या उलथापालथीला तीन महिने होऊन गेले होते, तरी दुकानदार अजून अर्धीच फळी उघडत आणि गिऱ्हाइकाकडे आधी चेहरा ओळखण्यासाठी पाहत. दिवेलागणीनंतर बाहेर पडायची मनाई होती. म्हणून गावात आलेल्या फिरत्या सिनेमावाल्याने आपला खेळ भर दुपारी लावला होता, कापूस न आल्यामुळे बंद पडलेल्या एका जिनाच्या वखारीत. वखारीच्या खिडक्यांवर ताडपत्र्या ठोकल्या की आत हवा तेवढा अंधार होई.

काचेच्या दुकानापाशी त्यांना शेजारच्या खतीजाबी भेटल्या. धुतलेला बुरखा, डोळ्यांत सुरमा. गेले सात दिवस त्या रोज याच वेळी घराला कडी लावून निघत.

"आज आखरी खेळ हाय, बेटी," त्या म्हणाल्या. "उद्या सिनेमावाले वसमतला जाऊन राहिले. तू काहून येत न्हाईस?"

नर्मदाबाई का जात नव्हत्या, हे सारी गल्ली जाणून होती.

चित्रपट जुन्या काळातल्या एका सूडाचा होता. बापाचा घात झालेला राजपुत्र बारा वर्षांनी परततो आणि घातक्याच्या घरातला एकेक माणूस कापत शेवटी घातक्यापर्यंत पोचतो. त्याला तो त्याच्याच अंगणात तलवारीचे सतरा वार करून मारतो. पुरुष पडद्यापुढे बसत आणि ते सतरा वार एका आवाजात मोजत. बायकांची सोय पडद्याच्या मागे होती. कापड पाणी मारून ओलं ठेवलं की चित्र पलीकडे झिरपे आणि मागूनही दिसे, फक्त उलटं. तलवार डाव्या हातात, अक्षरं आरशातल्यासारखी. वाचता येणाऱ्या बायका मुळातच थोड्या, त्यामुळे ते कुणाला खटकत नसे.

खटकलं ते वेगळंच. सोळाव्या वाराला तो घातकी प्रेक्षकांकडे पाठ करून गुडघ्यांवर बसतो आणि सतरावा वार पडेपर्यंत तसाच राहतो. पुढच्यांना त्याची पाठ दिसते. मागे बसलेल्या बायका मात्र दुसऱ्या दिवसापासून सांगू लागल्या की त्यांना त्याचं तोंड दिसतं. हट्टा गावच्या जिवनबाईला तिचा गेलेला नवरा दिसला. खतीजाबींना त्यांचा मुलगा हैदर दिसला, भाद्रपदात कल्हईचा भाता खांद्यावर घेऊन निघालेला आणि परत न आलेला. हिंदू काय, मुसलमान काय, एकाच तरटावर बसून प्रत्येकीने आपापलं माणूस पाहिलं होतं. ज्यांचं कुणी गेलं नव्हतं, त्यांना नुसती पाठ दिसे.

बायकांना यात नवल वाटलं नाही. पुढच्यांना पाठ दिसते, म्हणजे मागच्यांना तोंड दिसायचंच, बराबर आहे, असं त्यांचं म्हणणं. नर्मदाबाईंनी औरंगाबादेत अध्यापनाची परीक्षा दिली होती. कापडाच्या चित्राला पाठ आणि पोट नसतं, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं. पण त्या स्वतः गेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान संतराम फाल्गुनात गोरेगावच्या वाटेने कनेरगावच्या नाक्यापलीकडे, संस्थानच्या हद्दीबाहेर, वाशीमला म्हणून गेले होते. तिकडे गेलेले सगळे आता परतले होते. संतराम परतले नव्हते, त्यांची बातमीही नव्हती. नर्मदाबाईंच्या कपाळावर कुंकू होतं, आणि सासूबाई रोज त्या कुंकवाकडे एकदा पाहून मग जेवायला बसत.

"शाळेत पोरींना खरंखोटं शिकवती," खतीजाबी म्हणाल्या, "आन सोताच्या बाबतीत भेती व्हय?"

काच पिशवीत ठेवून नर्मदाबाई त्यांच्याबरोबर निघाल्या.

वखारीत सरकीचा कोंदट वास होता, आणि त्यावर ओल्या कापडाचा. खेळ सुरू व्हायला अवकाश होता. नर्मदाबाई आधी थेट यंत्रापाशी गेल्या आणि ते चालवणाऱ्या खाजा मियांना त्यांनी विचारलं, त्या जागची फीत मला दाखवता का. खाजा मियांनी फीत ताडपत्रीच्या फटीतल्या उन्हापुढे धरली. इवल्या इवल्या चौकटी, प्रत्येकीत चिलखत घातलेली रुंद पाठ. एकाही चौकटीत तोंड नाही.

"तीन साल हेच चालवून राहिलो, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या गावांत मागच्या बाया बी ओरडतात, वार मोजतात. हितंच चूप बसतात." मग फीत गुंडाळता गुंडाळता त्यांनी आवाज उतरवला. "मी मागं जाऊन बघितलं न्हाई... माझं बी एक लेकरू गेलंय."

नर्मदाबाई मागे येऊन तरटाच्या दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिली रांग बायकांनी रिकामी सोडली होती. का, ते त्यांनी विचारलं नाही. डोकी आड येऊ नयेत म्हणून असावी.

दोन तास त्यांनी चित्रपट परीक्षकाच्या नजरेने पाहिला. अक्षरं उलटी. राजपुत्र डावखुरा. प्रत्येक मुडदा पडला की पडद्यापलीकडून शिट्ट्या येत, टोप्या उडत, कुणीतरी नटाच्या आईबहिणीचा उद्धार करी आणि सगळे हसत. शेवटच्या अंगणात पहिला वार पडला आणि मोजणी सुरू झाली. एक. दोन. तीन. आवाज चढत गेला, त्यातलं हसू हळूहळू गळालं. बाराव्या वारापासून तो आवाज कुणा एकाचा राहिला नाही. अलीकडे बायकांचा श्वासही ऐकू येत नव्हता. खतीजाबींनी नर्मदाबाईंचा हात धरला.

सोळा.

आजूबाजूला एकेक पदर तोंडाशी गेला. खतीजाबी अगदी हलक्या आवाजात, लेकराला झोपेतून उठवावं तशा म्हणाल्या, "आला... माझा आला."

नर्मदाबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांना पाठ दिसली. नुसती पाठ, थोडी वाकलेली, दमलेली. ती वळेल म्हणून त्या पाहत राहिल्या. ती वळली नाही. सतरावा आकडा पलीकडून गर्जून आला आणि पडदा पांढरा झाला.

बाहेरच्या उन्हात आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. खतीजाबींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पाठ," नर्मदाबाई म्हणाल्या. "मला पाठच दिसली, खाला."

"मंग ऱ्हाऊ दे तुझं कुंकू," खतीजाबी म्हणाल्या. घराची कडी काढताना म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी मी काय करू ते सांग बेटी."

नर्मदाबाईंनी घरी येऊन पाटी घेतली. निदान खतीजाबींना नीट दाखवता येईल की चित्र मागून कसं उलटतं, आणि मनाला जे हवं तेच डोळा कसं पाहतो. त्यांनी मध्ये पडद्याची रेघ ओढली. वर तलवारवाला काढला, त्याचा हात मागून पाहताना डावा. खाली पाठमोरा माणूस काढला, जसा दिसला तसा. त्यांचा हात थांबला नाही. पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर त्या हाताने एक वाकडा चौकोन काढला.

नर्मदाबाई चौकोनाकडे पाहत राहिल्या.

बाभळीच्या काट्याने संतरामांचा सदरा फाटला होता. तसलं कापड नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला होता. संतराम तो सदरा घालून अंगणात गोल फिरले होते आणि म्हणाले होते, मास्तरीणबाई, शिवणात तुमी नापास. त्याच सदऱ्यावर ते गेले.

चिलखतावर ठिगळ नसतं. तरीही त्यांनी ओळीने ताडून पाहिलं, जसं त्या मुलींना ताडायला लावत. सदऱ्याचं ठिगळ उजव्या खांद्यावर होतं. चित्रात असतं तर मागून ते डाव्या खांद्यावर दिसायला हवं होतं, तलवारीसारखं, अक्षरांसारखं. पाटीवर ते उजव्या खांद्यावर होतं. दिसलंही उजव्याच खांद्यावर. म्हणजे ते कापडावर नव्हतं. ते कापडाच्या अलीकडे होतं. बायकांनी रिकाम्या सोडलेल्या रांगेत, त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर कुणीतरी त्यांच्याकडे पाठ करून बसलं होतं, आणि सतरा होईपर्यंत त्याने मान वळवली नव्हती. तोंड दाखवायचं नाही, असं ठरवून आल्यासारखं.

आतून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. मग त्या दाराशी आल्या, नेहमीसारखं सुनेच्या कपाळाकडे पाहिलं आणि समाधानाने पाटाकडे वळल्या.

नर्मदाबाईंनी पाटी पालथी ठेवली. पुसली नाही. ट्रंकेतून त्यांनी जुनं लुगडं काढलं आणि कापलेल्या जागेत बोट घातलं. दुपारभर पडद्यावर काळं, पांढरं आणि राखी याखेरीज रंग नव्हता.

ठिगळ या लुगड्यासारखंच हिरवं दिसलं होतं.