ऐकले. योग्य आहे.

"ओ मॅडम, उतरा! काट्यावरून उतरा!"

कळंबोलीच्या लोखंड बाजारात भोंग्यावरून ही हाक आली, तेव्हा संघमित्रा हातात मोबाइल धरून शांत जागा शोधत होती. लोखंड बाजारात शांत जागा दोनच प्रकारची माणसं शोधतात... नवखी, नाहीतर शिक्षक. ती दोन्ही होती. आणि उभी होती वजनकाट्याच्या लोखंडी फलाटावर, सळया भरलेल्या ट्रकच्या चाकाला खेटून.

"तुमचं वजन सळयांत धरलं जातंय. पंचावन्न किलो!"

"त्रेपन्न!" ती ओरडली.

"काटा पाचाच्या पटीतच दाखवतो, मॅडम. टेन्शन नका घेऊ."

ती तरातरा काचेच्या केबिनमध्ये शिरली, ती भांडायलाच. दार मागे लागलं आणि बाहेरचा सगळा खणखणाट बंद झाला. तिला हवी असलेली शांतता इथे होती – काटा सांभाळणाऱ्या अंकुशच्या टेबलापाशी, अर्ध्या वडापावशेजारी.

नववीच्या विज्ञानासाठी ती पॉडकास्ट करत होती. पुस्तकातलं वजन मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं. रोज वजन करणाऱ्यानं सांगावं, मुलांनी डोळे मिटून ऐकावं, मग प्रश्न विचारावेत.

"मी शिकवू? मला बारावीला सायन्समध्ये पस्तीस होते."

"आवाजाला मार्कं लागत नाहीत. तो... बरा आहे तुमचा."

अंकुशनं वडापाव ड्रॉवरमध्ये लपवला.

पहिला भाग बारा मिनिटांचा झाला. भरलेली गाडी तोला, रिकामी गाडी वजा करा, उरला तो माल. वर्गात अक्षतानं विचारलं, "मॅडम, रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर खाली उतरला तर?" 'पाणी प्यायला जाऊ का' सोडून नववीनं विचारलेला हा वर्षातला पहिला प्रश्न. उत्तरासाठी संघमित्राला पुन्हा काट्यावर जावं लागलं. मग प्रश्न वाढत गेले. काही तर वर्गातल्या कुणीच विचारलेले नव्हते.

आणि मग मुख्याध्यापक नंदकुमार सरांना पॉडकास्ट आवडला.

"उत्तम! पण कार्यक्रम म्हटला की रीत हवी. स्वागत, प्रास्ताविक, अध्यक्षांचा परिचय, माझं मनोगत, आभार. आठ मिनिटांत बसवा."

"सर, आणि धडा?"

"बसवा ना कुठेतरी."

हिशेबानं धड्याला चाळीस सेकंद आले. वर्ग बाकावर डोकी टेकून झोपला. "मॅडम, धडा आला की उठवा," अक्षता म्हणाली.

अंकुशनं केबिनमध्ये चिठ्ठी लिहून दिली : भरलेली गाडी आठ मिनिटं, रिकामी सात मिनिटं वीस सेकंद, माल चाळीस सेकंद. "असला ट्रक आला ना, तर ड्रायव्हरला मीच विचारीन, बाबा, डिझेल कशाला जाळलंस?"

ती हसली नाही. कंत्राटी शिक्षिका होती. जूनचं नूतनीकरण सरांच्या हातात. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्रत्येक भागाच्या मंजुरीच्या कागदावर सर शिक्का मारत – 'ऐकले. योग्य आहे.' – आणि ऐकत मात्र स्वतःचं मनोगत संपेपर्यंतच. तेव्हापासून तिनं मनोगत सुरुवातीला घेतलं आणि त्यामागे अंकुशचा पूर्ण धडा. वर्गात ती थेट धड्यापासूनच लावायची. वर्षभर असं चाललं. शाळेत धडा चोरून न्यावा लागत होता, याची चीड मात्र रोज ताजी होती.

फेब्रुवारीत शेवटचा भाग आला. अंकुशनं या वेळी फाइली मोबाइलवर पाठवल्या होत्या. घाईत तिनं पहिलीच फाइल न ऐकताच मनोगताला जोडली, सरांनी डोळे मिटून स्वतःला ऐकलं, शिक्का मारला. शिक्षकखोलीत तिनं कानात इअरफोन घातले आणि मनोगतामागून अंकुशचा आवाज आला...

"मॅडम, हे वर्गात लावू नका. वर्गाचा धडा दुसऱ्या फाइलमध्ये हाय. स्वागत नाही, प्रास्ताविक नाही. तुमी मला आवडता. माल एवढाच."

ती ताडकन उठली. कान तापले होते – लाजेनं की रागानं, हे ठरवायला वेळ नव्हता. ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, आज काय ऐकलंत?"

"मनोगत. भावपूर्ण झालंय."

"आणि पुढे?"

सर चष्मा पुसू लागले.

"वर्षभर न ऐकता शिक्के मारलेत, सर. उद्यापासून मनोगत नाही. फक्त धडा."

"तुमचं कंत्राट जूनमध्ये आहे, मॅडम."

"माहीत आहे."

संध्याकाळी ती थेट काट्याच्या केबिनमध्ये शिरली.

"अक्कल आहे का तुम्हाला? सरांनी ऐकलं असतं तर?"

अंकुश पांढराफटक पडला. "तुमी... तीच फाइल दिली? ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं नाही, याचाच तर संताप आहे!"

सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "मग... जूनमध्ये?"

"जूनमध्ये रेकॉर्डिंगला मला जागा लागेल. शाळा कुठली का असेना."

तिनं शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला. 'ऐकले. योग्य आहे.' त्याच्याच शर्टाच्या खिशातलं पेन काढून तिनं खाली सही केली.

"खरंच ऐकलं?"

"तीनदा," ती अजून रागातच म्हणाली. "आणि आता तो वडापाव बाहेर काढा. निम्मा माझा."