‘राहू द्या’ म्हणणारी चिनामी

"कुशिरोला धुकं आहे. उतरता आलं नाही, तर ओबिहिरोला उतरवू," असं टोकियोत आधीच बजावून विमान सुटलं होतं. आणि झालंही तसंच! ओबिहिरोला चाकं टेकली, तशी चिनामीनं मांडीवरचं खोकं घट्ट धरलं. आत आईचा रेशमी कमरपट्टा होता. चार वाजता कुशिरोला ताईचं लग्न, आणि तो कमरेला बांधल्याशिवाय ताई बोहल्यावर चढणार नव्हती.

खाली काउंटरवरची मुलगी कमरेत वाकली. "कुशिरोपर्यंत बस आहे. नाव लिहू?"

"छे छे, राहू द्या. तुम्हाला उगाच त्रास!"

आधी नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह केला की मग घ्यायचं, हे तिच्या घरचं वळण. पण ऐंशी माणसांच्या गर्दीत आग्रह कोण करणार? मुलीनं यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. बाहेर पाटीवर पाहिलं, तर पुढची गाडी कुशिरोला पाचला पोचणारी. आणि लग्न तर चारला!

"तुम्ही रांगेत नाही?" विमानात शेजारी बसलेला कुराता विचारत होता. वाटेत त्यानं तीनदा लिंबाची गोळी पुढे केली होती, आणि तिनं तीनदा नको म्हटलं होतं.

तिनं सगळं सांगितलं… लग्न, कमरपट्टा, रविवारचं परतणं, रेघ.

"अहो, धन्य आहे तुमची! तिकीट कुशिरोचं ना? मग तिथवर पोचवणं त्यांचं काम. उपकार नव्हेत, हक्क आहे तुमचा. आपणहून बाहेर पडलात, तर तुम्ही प्रवास इथंच सोडला असं धरतील."

"पण मी नको म्हणून बसले…"

"मग आता हवं म्हणा."

"तुम्हीच सांगा ना—"

"सांगितलं असतं. पण तुमच्या तोंडून ‘हवं’ ऐकायचंय मला… एकदा तरी."

चिनामीचे कान लाल झाले. तशीच ती काउंटरशी गेली. "माफ करा… मला बस हवी आहे!"

"बरं झालं बोललात," मुलगी हसली. "दोनच जागा उरल्यात."

बस सुटली आणि चिनामीनं असा श्वास सोडला, की समोरची काच धुरकटली. डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं.

"ती गोळी… मला हवी होती," ती हळूच म्हणाली. "पहिल्यांदा दिलीत तेव्हाच."

त्यानं अख्खी पुडी तिच्या हातात ठेवली.

पावणेतीनला कुशिरो आलं. धुक्यात छत्री घेऊन बाबा उभे दिसले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

कुराता मागे घुटमळला. "रविवारी मीही परततोय. शेजारची जागा मिळाली असती तर… जाऊ दे, राहू द्या. तुम्हाला उगाच त्रास."

चिनामी गर्रकन वळली.

"राहू द्या काय, राहू द्या! खिडकी मला हवी आहे. आणि शेजारी… तुम्ही हवे आहात."