डाव्या हाताची पाटी

माणिकरावाच्या कापडदुकानातून उतरताना अंगदची पायरी चुकली आणि तो पाण्याची घागर घेऊन आलेल्या कस्तुरावर जाऊन आदळला. घागर वाचली. पाणी मात्र निम्मं त्याच्या सदऱ्यावर, निम्मं तिच्या लुगड्यावर. तो मान खाली घालून माफी मागत होता, पण तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडं नव्हतंच; होतं डाव्या बाहीकडं.

"बाहीवर श्री काढून फिरायलाव?" ती म्हणाली. "देव्हारा पुरंना व्हय देवाला?"

अंगदनं बाही वळवून पाहिली. हिरव्या तेलरंगात अख्खा श्री उमटला होता, उलटा. त्याच श्रीपायी आत्ता वर त्याचं काम गेलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. परभणीच्या बाजारात उर्दू पाट्या उतरत होत्या, मराठी चढत होत्या. रंगाऱ्याला सोन्याचे दिवस, पण अंगदला कुणी उभं करीना. झरीच्या ग्यानबा मेंढक्याचा हा पोरगा डावरा. शाळा मिळाली ती उर्दू. उर्दूची ओळ उजवीकडून निघते. डावा हात पुढं पळतो, शाई मागं सुकत राहते. उस्तादांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मराठीत मात्र तोच हात लिहिलेलं पुसत चालायचा. म्हणून अंगदनं स्वतःच एक रीत बसवली – खडूनं मापं घ्यायची आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवातीकडं रंगवत यायचं. अक्षरं अशी यायची की बघत राहावं. पण ती यायच्या आधीच लोक हसायचे. जे हसायचे नाहीत ते नाक मुरडायचे, कारण डावा हात म्हणजे धुवायचा हात, त्या हातानं श्री? लोकांच्या तोंडात घाण चालते, हात मात्र सोवळा लागतो.

म्हणून माणिकरावासमोर त्यानं भिऊन सगळ्यांसारखं डावीकडून सुरू केलं, आणि श्री बाहीवर आला.

त्याआधीची तऱ्हा याहून भारी. छापखान्याच्या मालकानं म्हटलं, स्वतःबद्दल दोन शब्द सांगा. अंगदनं लय विचार करून दोनच सांगितले: "अंगद. झरी." कचेरीतल्या साहेबानं कामाचा अनुभव विचारला, तर हा म्हणाला, मेंढरांच्या पाठीवर खुणा रंगवल्यात. साहेब हसला नाही, दारातला शिपाई हसला. ते जास्त लागलं.

हे सगळं त्यानं कस्तुराच्या हाटेलात, भिजल्या सदऱ्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं. हाटेल कसलं, माणिकरावाच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडं चार बाकं आणि एक चूल. मालकीण तिची माय, धुरपताबाई. कस्तुरा साखरेच्या पुड्यांचे छापील कागद वाचून वाचून अक्षरं शिकलेली. "अंगद. झरी." ऐकून ती पदर तोंडाशी धरून इतकी हसली की अंगदलाही हसू आलं... कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. डाव्या हातानं कप उचलला, कुणी बघतंय वाटून घाईनं उजव्यात घेतला, चहा सांडला. कस्तुरानं ते बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं कप ठेवला तो कपाचा कान त्याच्या डाव्या हाताकडं करून. अंगदनं मान वर केली. ती चुलीत फुंकर घालत होती, पण कानापर्यंत लाल झाली होती. आता ती चुलीची धग असेल... किंवा नसेल.

तेवढ्यात बापाचा, ग्यानबाचा निरोप आला. येत्या बाजारापर्यंत काम मिळालं तर बरं, नाही तर मेंढरं घेऊन रानात निघायचंय, ये. अंगदला मेंढरांचा कंटाळा नव्हता. पण हरून मेंढरांकडं जायचं, ते त्याच्या जिवावर आलं होतं. रात्र रात्र तो उजव्या हातानं गिरवत बसायचा. अक्षरं आजाऱ्यासारखी यायची. खरंच आपला हातच खोटा असंल का, असं त्याला वाटू लागलं.

बाजाराच्या दिवशी माणिकरावानं त्याला परत बोलावलं. दुसरा रंगारी आलाच नव्हता. "मला तुझा राग न्हाई, बाप्पा," तो म्हणाला, "पर गिऱ्हाईक बगतं. उजव्या हातानं कर. येवढी पाटी निघाली की ओळीतली समदी दुकानं तुझी." आणि सवयीनं डावा हात पुढं येऊ नये म्हणून अंगदचंच उपरणं घेऊन तो हात कमरेला बांधला. अंगदनं बांधू दिला. हेच वाईट. त्यानं बांधू दिला.

कस्तुरा माणिकरावाचा चहा घेऊन आली, एक कप अंगदलाही. तो शिडीजवळ उभा, उजव्या हातात कुंचला, पाटीवर एक वाकडी रेघ. तिनं कप पुढं केला. घ्यायला त्याच्याकडं हातच नव्हता.

ती हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाप गेल्यावर मायनं हाटेल उघडलं, तवा लोक म्हनले, रांडमुंड बाईच्या हातचा चहा सकाळी कोन पिनार. आता हेच माणिकराव पैला कप पितेत. मेंढरामागं जायचं तर खुशाल जावा, त्यात कमीपना न्हाई. पर बांधल्या हातानं माझ्यापुढं हुबं राहू नका. मला बगवंना."

"तुला... कामून बगवंना?"

"हाय कायतरी."

अंगदनं कुंचला डब्यात टाकला, गाठ उजव्या हातानं ओढून सोडली. माणिकराव म्हणाला, येड्या, ओळीतली दुकानं जायलीत. अंगद म्हणाला, "जाऊ द्या. श्री माझा बी हाय, माणिकराव. अन् ह्यो हात त्यानंच दिलाय."

कुंचला-डबा उचलून तो रस्ता ओलांडू लागला. कस्तुरा पुढं चालत होती. मागं न बघताच म्हणाली, आमच्या हाटेलाला पाटी न्हाई.

भर बाजारात पत्रा उभा राहिला. गर्दी जमली. अंगदनं डाव्या हातानं उजव्या टोकाला कुंचला टेकवला. आधी 'ल' आला, मग 'टे', मग 'हा'. पोरं हसली, म्हातारे पुढं सरकले. हाटेल, बरं. पण कुणाचं? मेलेल्या नवऱ्याचं नाव येणार, असं सगळे धरून चालले. मग 'चं' आला, 'ई' आला, 'बा' आला आणि हसू थांबलं. बाईचं नाव? पाटीवर? धुरपताबाई पदर ओढून म्हणत होती, माझं कशाला, ह्यांचं टाक. कस्तुरानं नुसती नाही म्हणून मान हलवली. नाव पुरं झालं, आणि वर मधोमध, त्याच हातानं, श्री.

कुणी वाहवा केली नाही. पण सायकलवाला आश्रुबा हळूच विचारून गेला, माझ्या दुकानाची कवा करतूस?

शेवटी कोपऱ्यात रंगाऱ्याची सही राहिली. कस्तुरा जवळ येऊन उभी राहिली, रंगाच्या वासाइतकी जवळ. "अंगद, झरी – दोनच तर शब्द," ती म्हणाली. "लिवा बिगिनं."

उजवीकडून आला 'मिळेल'.

"काय मिळंल? भजे?"

मग 'इथंच'. मग 'पेंटर'. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात आधी वाचायचं ते नाव – 'अंगद'.

कस्तुरानं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. "अन् झरी कुठं गेली?"

"झरी हाय तिथंच हाय," तो म्हणाला. कुंचल्यावरचा रंग खाली ठिबकत होता. "माझं इचारायलोय... चालंल का?"

"मायला इचारा." तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "मी तर कपाचा कान कवाच फिरवलाय."