नव्वदला थरथरणारी गाडी

काटा नव्वदवर गेला की गाडी थरथरायची. सत्तरवर आणली की गरीब गाय! कालच चारही टायर नवे बसवले होते, मग हे काय नवीन खूळ?

मागच्या पेटीत प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा होती, सोलापूरला भाजून पडलेल्या नऊ वर्षांच्या इरफानसाठी. पुण्याहून साडेतीन तासांत पोचली नाही, तर तिच्या पेशी मरणार, आणि सत्तरनं तेवढ्यात पोचणं शक्य नव्हतं. गाडी अशीच थरथरत राहिली, तर त्वचा फाटणार. इकडे आड, तिकडे विहीर!

"चक्रधर, बोल ना लवकर!" गाडी चालवणारी माझी सुमित्राआत्या ओरडली.

चक्रधर म्हणजे आमच्या गाडीचा यंत्रमेंदू. जग बुडालं तरी हा शांत. मला त्याचा रागच येतो.

"काय हलतंय? स्टिअरिंग की सीट?"

"स्टिअरिंग."

"म्हणजे दोष पुढच्या चाकात. सीट हलली असती, तर मागच्या. चाकाची एक बाजू जड झालीय, पन्नासेक ग्रॅमनं."

"एवढ्याशानं अख्खी गाडी हलते?" मी विचारलं.

"नव्वदला चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं. तेव्हा तेवढंसं वजन सहा किलोंच्या जोरानं ओढतं. वेग निम्मा केला, की जोर पावपट. शिवाय स्प्रिंगवरच्या चाकाला वरखाली हलायची स्वतःची लय असते. धक्के त्याच लयीत बसले, की अनुनाद होतो (नेमक्या वेळी ढकललेल्या झोक्यासारखं हलणं वाढत जातं). म्हणून तर टायरवाले हलक्या बाजूला रिमच्या आतून करडी वजनपट्टी चिकटवतात."

करडी पट्टी! सकाळी खंडेनवमीच्या पूजेसाठी गाडी मीच धुतली होती. पुढच्या डाव्या चाकाच्या आत ती मळकट पट्टी दिसली. पूजेला चाक लखलखीत हवं, म्हणून चमच्यानं खरवडून फेकली आणि वर हळदकुंकू लावलं.

गप्प बसावंसं वाटलं. पण इरफान तिकडे वाट बघत होता.

"आत्या, ती पट्टी मी काढली."

आत्यानं गाडी कडेला घेतली. "ओरडायला सोलापूरला वेळ मिळेल. जॅक काढ, उर्वी!"

"स्टेपनी लावूया?"

"ती बारीक आहे. तिच्यावर साठच्या पुढे जाता येत नाही."

चाक जमिनीवरून उचललं गेलं. "हातानं फिरवून सोड," चक्रधर म्हणाला. "जड बाजू आपोआप खाली येऊन थांबेल. वरची बाजू हलकी."

चाक डुलत डुलत थांबलं. आत्यानं वरच्या बाजूला, रिमच्या आतून, हत्यारांच्या डब्यातला एक नट चिकटपट्टीनं घट्ट बसवला. मी पुन्हा फिरवलं. तीच बाजू खाली. दुसरा नट. तरी तेच! तिसऱ्या नटानंतर मात्र चाक जिथं सोडलं तिथंच उभं राहिलं.

"तात्पुरतं चालेल," चक्रधर म्हणाला. "वेग हळूहळू वाढवा."

ऐंशी. पंच्याऐंशी. मी श्वास रोखून पेटीवर हात ठेवला. नव्वद! पेटी स्थिर होती.

वेळ संपायला सात मिनिटं उरली असताना आम्ही पोचलो. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कुठंही चीर नाही." मला रडूच कोसळलं.

बाहेर आल्यावर चक्रधरनं विचारलं, "पूजेआधी चाकं धुताना काय काढू नये, हे राज्यातल्या सगळ्या गाड्यांना कळवतो. शोध कोणाचा म्हणून लिहू?"

मी डोळे पुसले. "उर्वीचा. आणि चूकही तिचीच, असं लिही."