पॅनलखालची म्हातारी

पटो न पटो, हे घडलंय. गेल्या वर्षी, मे महिन्यात, नाशिकला, उपनगर भागातल्या एका कॉलनीत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

अश्विन तीन वर्षं जपानला होता. तिथे अणुभट्टी फुटली तेव्हा गावंच्या गावं उठवली होती. भट्ट्या बंद झाल्या, पण देशाला वीज तर हवीच. मग ओस पडलेल्या भातशेतांवर सोलर पॅनल आले. अश्विन एका ठेकेदाराकडे होता. रिकामी घरं पाडायची, जमीन सपाट करायची, पॅनल ठोकायचे.

शेवटच्या घरातून त्याला खोकला ऐकू आला. कोणीतरी म्हातारं माणूस गुपचूप परत राहायला आलं असावं.

मुकादमाने विचारलं, "आत कोणी?"

आभाळ भरून आलं होतं. काम उरकायचं होतं.

"कोणी नाही," अश्विन म्हणाला.

मशीन चाललं.

नाशिकला परतल्यावर त्याने स्वतःच्या गच्चीवरही पॅनल बसवले. सगळे खूश.

मग त्याची आई, विमलाबाई, रोज दुपारी तांब्याभर पाणी घेऊन गच्चीवर जायला लागली.

"कोणाला गं?"

"ती म्हातारी बसते ना पॅनलखाली. लय खोकते बिचारी."

अश्विन वर धावला. कोणी नव्हतं. एक चिमणीसुद्धा नव्हती. तापलेल्या सिमेंटवर फक्त... ओली पावलं.

एवढीशी. म्हाताऱ्या बाईची.

त्याने गच्चीच्या दाराला आतून कुलूप घातलं. बायकोला बजावलं, "पायल, काहीही ऐकू आलं तरी वर जायचं नाही." आणि किल्ली खिशात टाकून तो कामावर गेला.

दीड वाजता पायलचा फोन आला.

"अहो, गच्चीचं दार वाजतंय... आईंचा आवाज येतोय. 'पायल, पाय भाजतात गं, उघड,' म्हणतायत."

"आई कुठे आहे?"

"इथेच. आत झोपल्यात. डोक्यावरून चादर घेऊन."

"मग वर आहे ती आई नाही. कानात बोळे घाल."

दोन तास दार वाजत राहिलं.

मग नखांनी खरवडल्यासारखं...

मग तेही थांबलं.

संध्याकाळी अश्विन घरी आला आणि त्याने चादर ओढली. खाली काळी, ओली माती होती. माणसाएवढी लांब.

कुलूप जसंच्या तसं होतं. ते काढलं, तर विमलाबाई उंबऱ्याशीच पडलेली. तळपाय सोललेले. बोटांना नखं नव्हती.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. तासभर आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या.

कुलूपबंद दारातून ती वर गेली कशी, हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही. पायलला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "मी ऐकत होते."

मागच्या आठवड्यात त्या मुकादमाचा फोन आला. आणखी एक गाव मोकळं करायचंय. अश्विनने लगेच होकार दिला.

"परत तिथेच? का?" पायलने विचारलं.

तो बॅग भरत होता. मान वर न करता म्हणाला,

"तिथल्या घरांत आपलं कोणी नसतं."